सेट टॉप बॉक्स: आला कशाला आणि आता चाललाय कुठे

सध्या बऱ्याच घरांत एक वाद दर महिन्याला ठरलेला असतो. बॉक्सचा रिचार्ज संपला की पोरं म्हणतात कशाला मारताय, टीव्हीला वायफाय आहे की, आणि आई नाहीतर आजी म्हणते माझी सिरीयल वेळेवर लागली पाहिजे, ते ॲपबिप मला जमणार नाही. दोघांचंही खरंय. पण बॉक्स राहणार की जाणार हे बोलण्याआधी तो मुळात आपल्याकडे आला कशाला हे बघायला पाहिजे, कारण तो काही प्रेक्षकाने मागून घेतलेला नाहीये. माझं सरळ मत असं आहे की बॉक्स आला तो घरं मोजायला, चित्र चांगलं दिसलं तो बोनस.

आधी थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या टॉवरमुळे पुण्यातही दिसायला लागलं. गच्चीवर ॲल्युमिनियमची अँटेना, वारा सुटला की एकाने वर जाऊन ती फिरवायची आणि दुसऱ्याने खालून ओरडायचं, आलं आलं, गेलं. टीव्ही ठेवायला तेव्हा लायसन्स लागायचं आणि ते पोस्टातून काढायचं, हे आता कोणाला सांगितलं तर चेष्टा वाटते. चॅनल एक, नंतर दूरदर्शनचंच मेट्रो चॅनल आलं तेव्हा दोन, त्यामुळे मोजायचं काय हा प्रश्नच नव्हता.

केबल आली ती अशी कोणी आणलेली नाही, ती आपोआप उगवली. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये कोणीतरी एक व्हीसीआर लावायचा, त्याची वायर सगळ्या फ्लॅटमध्ये फिरवायचा आणि महिन्याला काही रुपये घेऊन रोज पिक्चर दाखवायचा. परवानगी वगैरे काही नाही. मग १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध झालं, मोठ्या हॉटेलांमध्ये सीएनएनवर ते लाईव्ह दिसत होतं, आणि त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीचं प्रसारण एशियासॅट उपग्रहावरून सुरू झालं. आपला देश त्या उपग्रहाच्या टप्प्यात येत होता. व्हीसीआरवाल्याने गच्चीवर मोठी छत्री बसवली, वायर आधीच घरोघरी गेलेली होती, झाला केबलवाला. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आलं (मुंबई दूरदर्शनला बरोब्बर वीस वर्षं झाली तो दिवस) आणि मग मागे वळून बघायचं कारणच उरलं नाही.

सरकारला जाग यायला १९९५ उजाडलं. त्या वर्षी केबलचा कायदा आला आणि केबलवाल्याने हेड पोस्टात नोंदणी करायची असं ठरलं. तोपर्यंत काळी वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर, मध्ये नारळाला नाहीतर विजेच्या खांबाला गुंडाळलेली, जिन्यात पत्र्याच्या डबीत ॲम्प्लिफायर, आणि त्या ॲम्प्लिफायरची लाईट गेली की अख्ख्या गल्लीची केबल गेली. भारनियमनाच्या दिवसांत आपल्याकडे लाईट आहे पण ॲम्प्लिफायर ज्या बिल्डिंगमध्ये आहे तिकडे नाही, हा प्रकार छोट्या गावात राहिलेल्या प्रत्येकाला आठवत असेल.

आता मोजणीचा खरा घोळ इथे आहे. जुन्या ॲनालॉग केबलमध्ये वायर घरात आली की सगळं दिसायचं, कोणाला काय दिसतंय हे बाहेरून कळायचा काहीच मार्ग नव्हता. चॅनलवाले पे झाले, म्हणजे प्रत्येक कनेक्शनमागे पैसे मागायला लागले, पण कनेक्शन किती हे सांगणार कोण तर केबलवालाच. समजा त्याच्याकडे हजार घरं असली तर कागदावर दोन-तीनशेच दाखवायचा आणि बाकीचे पैसे त्याच्याचकडे. करमणूक कराचंही तेच, आपल्याकडे महानगरपालिका हद्दीत कनेक्शनमागे महिन्याला ४५ रुपये होता, तोही कागदावर जेवढी घरं तेवढाच भरला जायचा. चॅनलवाले याला चोरी म्हणायचे. पण केबलवाल्याच्या बाजूनेही बघा, वायर त्याने ओढलेली, रात्री अकराला फोन केला की शिडी घेऊन यायचा तो, उधारी सांभाळायचा तो, आणि पैसे मागत होती मुंबई-दिल्लीतली कंपनी. चॅनलवाल्यांनी मग तोटा जाहिरातीतून काढला, आणि जाहिरातीसाठी जास्त लोकांनी बघावं म्हणून सगळे एकाच छापाच्या मालिका करायला लागले, असं माझं आपलं एक निरीक्षण.

अजून एक अडचण होती ती जागेची. ॲनालॉग वायरमध्ये जेमतेम शंभरेक चॅनल मावायचे आणि त्यातले वरचे मुंग्यांनी भरलेले. चांगल्या नंबरवर बसवायचं तर चॅनलवालाच उलट केबल कंपनीला पैसे द्यायचा, त्याला कॅरेज फी म्हणायचे. १९९९ ला अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आलं तेव्हा त्यांनाही याच गर्दीत जागा शोधायची होती. आपला मराठी चॅनल आज बाराव्या नंबरवर, उद्या एकदम साठाव्या, असं का व्हायचं त्याचं उत्तर हे.

बॉक्स लावायचा पहिला प्रयत्न झाला तो कॅसचा, म्हणजे पे चॅनल बॉक्स असेल तरच दिसणार या पद्धतीचा. २००२ च्या शेवटी कायद्यात दुरुस्ती झाली, २००३ मध्ये चार महानगरांत लागू करायचं ठरलं आणि चेन्नई सोडून कुठेच झालं नाही. निवडणुका जवळ, बॉक्स महाग, लोक चिडलेले. शेवटी दिल्ली हायकोर्टाने दट्ट्या दिल्यावर २००६ संपताना दिल्ली, कोलकाता आणि मुंबईच्या ठरावीक भागांत लागू झालं. मुंबईत म्हणजे फक्त दक्षिण मुंबईत, उपनगरात जुनंच चालू. फ्री चॅनलसाठी महिन्याला ७७ रुपये आणि पे चॅनल प्रत्येकी फक्त ५ रुपये, असा दर ट्रायने, म्हणजे टेलिकॉम आणि केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, लावून दिला होता. आजच्या हिशोबाने स्वप्नच. पण चॅनलवाल्यांना ५ रुपये परवडत नव्हते, केबलवाल्यांना मोजणी नको होती, त्यामुळे ते पुढे सरकलंच नाही.

तोपर्यंत डिश आली होती. घरगुती छोट्या डिशवर १९९७ पासून बंदी होती, ती २००० च्या नोव्हेंबरमध्ये उठली, २००३ ला डिश टीव्ही आणि २००६ ला टाटा स्काय. केबलला वैतागलेल्या आणि केबल पोचलेलीच नाही अशा दोन्ही लोकांनी ती घेतली. कोकणात, घाटमाथ्यावर, जिथे चार घरांसाठी कोणी वायर ओढणार नाही तिथे कौलावर डिश दिसायला लागली, फक्त जुलैत जोराचा पाऊस आला की पडद्यावर सिग्नल नाही. हा बिघाड नव्हे, डिश ज्या लहरींवर चालते (त्यांना कू बँड म्हणतात) त्या पावसाच्या थेंबांत अडकतात आणि डिश छोटी असल्याने उरलेला सिग्नल पुरत नाही. पावसाळ्यात घरी बसून टीव्ही बघावा तर नेमकं तेव्हाच, असो.

डिशमुळे एक गोष्ट सिद्ध झाली, की बॉक्समध्ये कार्ड असलं की प्रत्येक घर मोजता येतं आणि पैसे आधी घेता येतात. मग तेच केबललाही लावायचं ठरलं. २०११ च्या डिसेंबरमध्ये कायदा बदलला आणि टप्पे पडले. पहिला टप्पा मुंबईसह चार महानगरं, ३१ ऑक्टोबर २०१२. दुसऱ्यात पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर वगैरे धरून ३८ शहरं, मार्च २०१३. उरलेली शहरं २०१५ अखेर आणि सगळ्यात शेवटी गावं, ती मुदत लांबत लांबत मार्च २०१७ पर्यंत गेली. मुंबईत तारीख उलटल्यावर ज्यांनी बॉक्स घेतला नव्हता त्यांचा टीव्ही सरळ काळा झाला. तेव्हा बॉक्स घ्यायला केबलवाल्याच्या गाळ्यासमोर रांगा, कोणाला हजार सांगितले कोणाला बाराशे, पावती मागितली तर नंतर देतो. आमच्याही बॉक्सची पावती कधी आलीच नाही आणि तो आमच्या मालकीचा की भाड्याचा हे अजूनही नक्की नाही.

चित्र सुधारलं हे मान्यच करायला पाहिजे. ज्या जागेत एक ॲनालॉग चॅनल बसायचा त्यात दहा-बारा डिजिटल बसतात, त्यामुळे मुंग्या गेल्या आणि चॅनल तीनशे-चारशे झाले. पण बिल कमी झालं नाही, कारण आता घर लपत नव्हतं. मग ट्रायने २०१७ मध्ये नवीन दरपत्रक काढलं, त्यावर कोर्टबाजी झाली, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रायच्या बाजूने निकाल दिला आणि २०१९ च्या फेब्रुवारीपासून आपण सगळे चॅनल निवडत बसलो. १३० रुपये नुसते शंभर चॅनल पोचवायचे, जीएसटी धरून १५३, आणि पे चॅनलचे पैसे वेगळे. जे बघता त्याचेच पैसे द्या ही कल्पना कागदावर छान होती. प्रत्यक्षात चॅनलवाल्यांनी हवे असलेले चॅनल १९ रुपयांना लावले, कारण त्यापुढे गेलं तर बुकेमध्ये, म्हणजे अनेक चॅनलच्या एकत्र पॅकमध्ये, घालता येत नव्हतं, आणि सोबत नको असलेले पाच-सहा घालून बुके स्वस्त केला. म्हणजे आपण सुटे मागितले आणि आपल्याला परत पॅकच मिळालं. त्यानंतर मर्यादा १९ वरून १२ आणि परत १९, असे खेळ झाले, २०२३ च्या फेब्रुवारीत तर नव्या दरांवरून भांडण होऊन काही केबल कंपन्यांचे मोठे चॅनल थोडे दिवस बंदही पडले होते.

आणि नेमक्या याच काळात नेट स्वस्त झालं, केबलवाल्यांचं नशीब दुसरं काय. २०१५ ला हॉटस्टार, २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स, सप्टेंबरमध्ये जिओ. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क विकले तेव्हा भारतातले टीव्हीचे २३,५७५ कोटींना आणि डिजिटलचे २३,७५८ कोटींना गेले, म्हणजे पहिल्यांदाच मोबाईल टीव्हीच्या पुढे गेला. २०२३ चा सीझन जिओसिनेमावर फुकट, वर मराठी कॉमेंट्रीसुद्धा. पैसे भरून टीव्हीवर बघायचं आणि तेच मोबाईलवर फुकट, मग रिचार्ज कोण मारणार. अर्थात फुकट किती दिवस टिकतं ते आपण बघितलंच, २०२५ च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले आणि पैसे सुरू.

पैसे देऊन डिश बघणारी घरं एकेकाळी सात कोटींच्या आसपास होती, ट्रायच्याच आकड्यांप्रमाणे मार्च २०२५ ला ती ५ कोटी ६९ लाखांवर आली. पण हे सगळे काही ओटीटीवर गेलेले नाहीत. बरेचसे दूरदर्शनच्या फ्री डिशवर गेलेत, जी २००४ च्या डिसेंबरमध्ये ३३ चॅनलवर सुरू झाली होती. एकदाच दीड-दोन हजार खर्च, महिन्याचं भाडं शून्य, सह्याद्री आहे आणि दुसरे काही मराठी चॅनलही येतात. आपल्याकडे केबल सोडणे म्हटलं की डोळ्यासमोर फक्त पुण्या-मुंबईतला स्मार्ट टीव्हीवाला येतो, तालुक्याच्या गावचा फ्री डिशवाला येत नाही, पण बॉक्सचा रिचार्ज सोडणाऱ्यांत तोही आहे, आणि त्याच्याकडे अजूनही बॉक्स आहेच, फक्त मोजणारा नाही.

शहरात तर अजून मजा आहे. केबल बंद करून ज्याचं ब्रॉडबँड घेतलं तो कोण असतो, तर बरेचदा तोच जुना केबलवाला, काळ्या वायरच्या जागी आता पिवळी बारीक फायबर ओढतो एवढाच फरक. रिलायन्सने २०१८ मध्ये डेन आणि हॅथवे या मोठ्या केबल कंपन्यांत हिस्सा घेतला तो काय त्यांना सिरीयल दाखवायच्या होत्या म्हणून नाही, घरापर्यंत गेलेली वायर आणि ती सांभाळणारा माणूस हवा होता. आणि मोजणीचं म्हणाल तर बॉक्सला फक्त घर कळायचं, ॲपला तुम्ही कोणत्या मिनिटाला कंटाळून बंद केलं तेही कळतं. चॅनलवाले वीस वर्षं जे मागत होते त्यापेक्षा जास्तच त्यांना मिळालं.

मग बॉक्सचं काय होणार? खरंतर तो वेगळा डबा म्हणून राहायची गरज कधीच नव्हती. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालला पाहिजे ही अट डिशच्या लायसन्समध्ये सुरुवातीपासून होती, कोणी पाळली नाही, एप्रिल २०२० मध्ये ट्रायने परत तीच शिफारस केली, तरी आज कंपनी बदलायची तर जुना बॉक्स माळ्यावर टाकूनच बदलावी लागते. उपग्रहाचा ट्यूनर टीव्हीच्या आतच देता येईल असं मानकही बीआयएसने, म्हणजे वस्तूंची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, काढून झालंय, तसं झालं तर फ्री डिश लावायला नुसती छत्री आणि वायर पुरेल. पैसे घेऊन चॅनल दाखवणाऱ्या कंपन्यांना मात्र त्यात काही रस असायचं कारण नाही, त्यांचं सगळं कुलूप त्या डब्यातच आहे.

दुसरीकडे दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात वेव्हज नावाचं स्वतःचं ॲप आणलं, आणि नेट न वापरता टॉवरवरून थेट मोबाईलवर टीव्ही दाखवायच्या चाचण्याही चालू आहेत. त्यासाठी मोबाईलमध्ये वेगळी चिप लागते, आणि मोबाईल बनवणारे म्हणतायत तिचा खर्च आम्ही का करायचा. बॉक्सचे पैसे कोणी द्यायचे यावर २००३ मध्ये जे भांडण होतं तेच आता चिपवर चालू आहे, आणि तेव्हाही शेवटी ते आपल्याच बिलात आले होते.