भिंत थंड हवी, आणि हलकीही

मे महिन्यात रात्रीची जेवणं उरकल्यावर पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात टेकवून बघा. लातूर असो, परभणी असो की नांदेड, बाहेर वारा सुटलेला असतो, अंगण निवलेलं असतं आणि भिंत मात्र ऊन ऊन लागते. नऊ इंची भरीव भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसलेली उष्णता आत पोचायला साधारण सहा-सात तास लागतात. दुपारी चारचं ऊन रात्री दहा-अकराला उशाशी येतं ते असं. नेमकी तेव्हाच लाईट गेली तर मग बोलायलाच नको.

जुन्या वाड्यांत आणि माळवदाच्या घरांत असं होत नसे. दोन-अडीच फुटांच्या दगडमातीच्या भिंती होत्या, उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होऊन बाहेरची बाजू निवायला लागायची. तो गारवा खरा होता. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि त्याच भिंती, माळवदावरच्या मातीच्या थरासकट, झोपलेल्या माणसांवर आल्या. हजारो माणसं गेली. जमीन हलते तेव्हा भिंतीवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. जड भिंत जास्त जोर ओढून घेते, आणि मातीत रचलेले दगड एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 च्या भारतीय मानकात लातूरचा परिसर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात घातला गेला.

म्हणून मराठवाड्यातल्या भिंतीकडून दोन गोष्टी एकदम मागायला हव्यात. ती थंड हवी आणि हलकीही हवी. नऊ इंची भरीव वीट यातलं एकही धड देत नाही. भाजलेल्या मातीची पोकळ वीट दोन्ही देते, कारण तिचा बराचसा भाग हवेचा असतो.

उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत थांबलेली हवा फार आळशी आहे. भरीव विटेतून जेवढी उष्णता जाते तिच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढीच तेवढ्या जाडीच्या स्थिर हवेतून जाते. पण अट ‘स्थिर’ या शब्दात आहे. पोकळी रुंद असली की तापलेल्या बाजूची हवा वर चढते, थंड बाजूची खाली येते आणि हे फिरणंच उष्णता पलीकडे पोचवतं. म्हणून चांगल्या पोकळ विटेत एका मोठ्या भोकाऐवजी अरुंद कप्प्यांच्या ओळी असतात. मधले मातीचे पडदे एका रेषेत न ठेवता आडवेतिडवे ठेवले, तर मातीतून जाणाऱ्या उष्णतेलाही वळसे घेत जावं लागतं. सिमेंटचे पोकळ ब्लॉक इथे मागे पडतात. त्यांची भोकं मोठी असतात आणि काँक्रीट भाजलेल्या मातीपेक्षा उष्णता जास्त नेतं.

आता आकडे. दहा बाय दहा फुटांची नऊ इंची, प्लास्टर केलेली भरीव भिंत घ्या. आत-बाहेर 10 अंशांचा फरक कायम राहिला, तर तिच्यातून सुमारे 190 वॅट उष्णता आत येते. चांगल्या पोकळ विटेच्या आठ इंची भिंतीतून येते 100 ते 110 वॅट. वजनातला फरक याहून मोठा आहे. 400 × 200 × 200 मिलिमीटरची पोकळ वीट 11-12 किलोंची असते. तेवढी जागा भरायला साध्या आठ विटा लागतात आणि त्यांचं वजन पंचवीस किलोंच्या आसपास जातं. हलकी भिंत उष्णता साठवतेही कमी, त्यामुळे रात्री खिडक्या उघडल्या की खोली लवकर निवते.

विटेत हवा कोंडण्याचा दुसराही मार्ग आहे आणि तो आपल्याकडे फार जुना आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा मिसळून वीट भाजली की भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं उरतात; अशी वीट हलकी होते. गंमत अशी, की आजची पोकळ वीट एकूण आकारमानाच्या मानाने पाण्याहून हलकी असूनही हौदात टाकली तर बुडते, कारण तिच्या उघड्या भोकांत लगेच पाणी शिरतं. बारीक छिद्रांत ते सहज शिरत नाही. युरोपातले काही कारखाने दोन्ही युक्त्या एकत्र वापरतात. मातीत लाकडाचा भुसा घालतात आणि विटेला कप्पेही पाडतात.

अशी वीट गावच्या भट्टीत का होत नाही? आपली काळी माती वाळताना आक्रसते, आणि पोकळ विटेचे पातळ पडदे आधी तडकतात. मातीत चुनखडीचे खडे राहिले तर भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, पाणी लागलं की तो फुगतो आणि विटेचा टवका उडवतो. निवडलेली माती आणि ती साच्यातून दाबून काढणारं यंत्र, दोन्ही लागतात. कर्नाटकात कुनिगलला असा मोठा कारखाना आहे. तिथून इकडे आणायची तर भाडं आणि फूटतूट धरून हिशेब करावा.

माल आणला तरी अर्धं काम गवंड्याच्या हातात राहतं. सांध्यातला सिमेंटचा माल पोकळ विटेपेक्षा उष्णता कितीतरी जास्त नेतो, म्हणून सांधा दहा-बारा मिलिमीटरचाच ठेवायचा. उभ्या भोकांच्या विटेवर थापीभर माल ओतला की तो कप्प्यांत पडतो आणि आपण पैसे देऊन घेतलेली हवा संपते. वायरिंगची झिरी कटरने पाडावी. छिन्नी-हातोड्याने आतले पडदे फुटतात. जड कपाट टांगायचं असेल तर पोकळीत पकड घेणारा फास्टनर लागतो, साधा खिळा टिकत नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ही भिंत भार पेलण्यासाठी नाही. स्लॅबचं ओझं कॉलम-बीमनेच घ्यायचं, आणि खिडकीच्या खाली-वर काँक्रीटचा पट्टा द्यायचा.

लांबून वीट आणणं परवडत नसेल तर साध्या विटांतही पोकळी ठेवता येते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेल्या रॅट-ट्रॅप पद्धतीत विटा कडेवर उभ्या लावतात आणि भिंतीच्या पोटात ओळीने रिकामे कप्पे राहतात. जाडी नऊ इंचच राहते, विटा सुमारे पाव हिश्श्याने वाचतात. फक्त विटा एकसारख्या मापाच्या हव्यात आणि गवंड्याला पहिले दोन-तीन थर शेजारी उभं राहून लावून घ्यायला हवेत. मला विचाराल तर तालुक्याच्या गावात एकमजली घरासाठी मी आधी हाच पर्याय बघेन.

एकमजली घरात सर्वांत जास्त उष्णता स्लॅबमधून येते, हेही बांधणाऱ्याने धरून चालावं. स्लॅब उघडा तापत ठेवून भिंतींवर खर्च केला तर फरक थोडाच जाणवेल. आधी स्लॅबवर पांढरा चुना किंवा परावर्तक रंग, मग पश्चिमेची भिंत, मग दक्षिणेची. उत्तरेकडच्या भिंतीला ऊन थोडंच लागतं. हात आखडता घ्यायचाच असेल तर तिथे घ्यावा.