खेळते भांडवल (वाढत्या लघुउद्योगातील)

कच्चा माल घेतल्यापासून विकलेल्या मालाचे पैसे खात्यात येईपर्यंत धंद्यात अडकून राहणारी रक्कम म्हणजे खेळते भांडवल. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांना मशीन आणि कारागीर यांच्याइतकीच त्याची गरज असते. ऑर्डरी भरपूर आणि पगाराला पैसे नाहीत, ही अवस्था पुष्कळदा तोट्यामुळे नव्हे, वाढीमुळेच येते.

हिशेब दिवसांत मांडावा. समजा, टर्निंगच्या (लेथकामाच्या) शॉपमध्ये पोलादाचे बार 10 दिवस पडून राहतात, माल मशीन, प्लेटिंग आणि तपासणीत 6 दिवस फिरतो, तयार माल 4 दिवस थांबतो आणि पैसे 60 दिवसांनी येतात. झाले 80. पोलादवाला 30 दिवसांची उधारी देत असेल, तर 50 दिवसांचा खर्च स्वतः उचलायचा. रोजचा खर्च 60,000 रुपये धरला तर 30 लाख. हा हिशेब ढोबळ आहे. पगार आणि वीजबिलाला अशी उधारी मिळत नाही, म्हणून प्रत्यक्षात रक्कम जास्तच लागते. काम दीडपट झाले की 45 लाख लागतात. वरचे 15 लाख कुठून येणार, हे ऑर्डर घेण्याआधीच ठरवावे. उलट, माल घेण्यापासून वसुलीपर्यंतच्या चक्रातले 10 दिवस कमी केले, तर 6 लाख बिनव्याजी मोकळे होतात.

सर्वांत जास्त दिवस येण्यांत, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांत, जातात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. इन्वॉइसवर जुना दर किंवा चुकीचा पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर असला की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची गिऱ्हाइकाकडची नोंद, अडते आणि बिल पेमेंटच्या यादीत चढतच नाही. माल पाठवल्यावर दोन दिवसांत जीआरएन झाली का, हे एका ठरावीक माणसाने पाहावे. रिजेक्शनची डेबिट नोट (नाकारलेल्या मालाची रक्कम कापल्याची गिऱ्हाइकाची नोट) त्याच महिन्यात मिटवावी. साचलेल्या नोटांपायी चांगली बिलेही अडकतात.

एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, 2006 नुसार सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत, करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो पोहोचल्याच दिवशी स्वीकारला असे धरतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. त्यासाठी उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) पुरवठ्याच्या आधीची हवी आणि तिचा क्रमांक प्रत्येक इन्वॉइसवर छापावा. मोठ्या गिऱ्हाइकाशी वाद नको असेल, तर ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिल वटवता येते, म्हणजे व्याज कापून मुदतीआधीच पैसे मिळतात. मात्र गिऱ्हाइकाने तिथे बिल मान्य करावे लागते.

बँकेची कॅश क्रेडिट (सीसी), म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची, मर्यादा मंजूर असली, तरी उचल ड्रॉइंग पॉवरइतकीच (त्या वेळी काढता येणाऱ्या रकमेइतकीच) मिळते. स्टॉक आणि येणी यांतून पुरवठादारांची देणी व मार्जिन (धंद्याने स्वतः घालायचा हिस्सा) वजा करून ती काढतात, आणि 90 दिवसांपुढची येणी बहुतेक बँका धरत नाहीत. म्हणजे वसुली रखडली की ऐन गरजेच्या वेळी उचलही घटते. सर्वांत महागात पडते ते सीसीतून मशीन घेणे: पैसा पाच-सात वर्षांसाठी गुंततो आणि पुढच्या महिन्याचा बार आणायला मर्यादा उरत नाही. मशीनसाठी मुदत कर्जच घ्यावे, आणि ते मागतानाच वाढणाऱ्या उलाढालीसाठी सीसीची मर्यादाही वाढवून मागावी.