सीडी प्लेअर की सीडी ट्रान्सपोर्ट? जुने हाय-एंड यंत्र घेण्यापूर्वी

जुन्या हाय-एंड ध्वनियंत्रांच्या बाजारात सीडी प्लेअर आणि सीडी ट्रान्सपोर्ट ही दोन यंत्रे सर्रास एकाच नावाने विकली जातात. दोन्हींना समोर ट्रे असतो, गाण्याचा क्रमांक दाखवणारा डिस्प्ले असतो, तीच चार-दोन बटणे असतात, आणि उचलून पाहिले तर वजनही तेवढेच भरते. विकणारा फसवतोच असे नाही. पुष्कळदा वडिलांनी हौसेने घेतलेली वस्तू मुले विकायला काढतात आणि तिच्या पाठीमागे काय आहे हे त्यांनाही ठाऊक नसते. मोठ्या शहरात असे यंत्र भलतेच निघाले तर ते परत करता येते किंवा त्याला लागणारी जोड दुसऱ्या दिवशी आणता येते. आर्वी, दारव्हा किंवा वणीच्या आसपासच्या गावात ते ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पार्सल होऊन येते आणि एकदा आले की घरचेच होऊन बसते. माझ्याकडे सध्या ही दोन्ही यंत्रे आहेत, दोन्ही जुनी घेतलेली, आणि त्यांच्यातला फरक वर्णनपत्रकापेक्षा वापरातच अधिक नीट कळतो, असे माझे मत आहे.

सीडीवर संगीत आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या मानकानुसार ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतले जाते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते, तेही डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगवेगळे. ट्रान्सपोर्टचे काम एवढेच की चकती फिरवायची, ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त लेसरने तिच्यावरच्या खुणा वाचायच्या, वाचनात झालेल्या चुका दुरुस्त करायच्या आणि ते आकडे बाहेर पाठवून द्यायचे. त्या आकड्यांपासून अ‍ॅम्प्लिफायरला कळेल असा विद्युत संकेत तयार करणारा भाग म्हणजे डॅक. गावात पोथी लागते तेव्हा एक जण ओवी वाचतो आणि दुसरा तिचा अर्थ सांगतो; ट्रान्सपोर्ट हा नुसता वाचणारा, तर प्लेअरमध्ये वाचणारा आणि अर्थ सांगणारा दोघेही एकाच पेटीत बसलेले असतात. म्हणजेच प्रत्येक प्लेअरच्या पोटात एक ट्रान्सपोर्ट असतोच, पण ट्रान्सपोर्टच्या पोटात प्लेअर नसतो.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आलेला सोनीचा सीडीपी-१०१ हा एका पेटीचाच प्लेअर होता. पुढे उंची यंत्रांच्या निर्मात्यांनी दोन्ही कामे वेगळी केली. सोनीचीच १९८७ ची सीडीपी-आर१ आणि डीएएस-आर१ ही दोन पेट्यांची जोडी त्याचे चांगले उदाहरण आहे. कारण सरळ होते. चकती आतल्या कडेला असताना मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला पोहोचेपर्यंत तो वेग सुमारे २०० वर येतो. हा वेग सतत सांभाळणारी मोटर आणि लेन्स क्षणोक्षणी वरखाली हलवणारी यंत्रणा विजेचा प्रवाह हिसक्याहिसक्याने ओढतात, आणि त्यांचा उपद्रव नाजूक ध्वनिपरिपथाला होऊ नये म्हणून तो परिपथ वेगळ्या पेटीत, वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर ठेवला गेला.

ओळखायचे असेल तर समोरच्या बाजूचे छायाचित्र कामाचे नाही. विकणाऱ्याकडून पाठीमागचे मागवावे. लाल आणि पांढऱ्या रंगाच्या गोल सॉकेटची जोडी दिसली तर तो प्लेअर होय. त्या जोडीऐवजी एकटेच गोल सॉकेट असेल आणि शेजारी ऑप्टिकलचे, म्हणजे प्रकाशातून आकडे पाठवणारे, चौकोनी, झाकणाचे छिद्र असेल तर तो ट्रान्सपोर्ट आहे. केंब्रिज ऑडिओच्या सीएक्ससी या ट्रान्सपोर्टला असे फक्त डिजिटल आउटपुट आहेत. घोळ होतो तो यामुळे की डिजिटलचे ते एकटे सॉकेट आणि ध्वनीचे लाल-पांढरे सॉकेट घडणीने अगदी सारखेच असतात, त्यामुळे घरातली कोणतीही वायर दोन्हींत बसते. ट्रान्सपोर्टची वायर सरळ अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरच्या यंत्राचा ध्वनी घेणाऱ्या सॉकेटमध्ये, लावली तर संगीत येत नाही. शांतता येते, नाहीतर बारीक चरचर. मग डिस्प्लेवर सेकंद पुढे सरकत आहेत आणि स्पीकर मुका आहे, हे पाहून यंत्र बिघडले असा समज होतो, वास्तविक ते आपले काम चोख करत असते. प्लेअर मात्र सुमारे २ व्होल्टचा तयार ध्वनिसंकेत देतो, म्हणून तो कोणत्याही साध्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडताच वाजतो.

जुने यंत्र घेताना खरा प्रश्न आवाजाचा नसून म्हातारपणाचा असतो, आणि या दोन भागांचे म्हातारपण वेगवेगळ्या चालीने येते. डॅकमध्ये हलणारे काहीच नसते. त्याचे कपॅसिटर वर्षानुवर्षांनी सुकतात, आउटपुटवरच्या, आवाज तोडणाऱ्या म्यूटिंग रिलेचे टोक काळवंडते आणि एखादी बाजू मधूनच गप्प होते, पण ही दुरुस्ती सोल्डरिंग येणारा कोणीही हुशार मिस्त्री करू शकतो. वाचणाऱ्या भागाची गोष्ट निराळी आहे. तिथे मोटर झिजते, ट्रेचा रबरी पट्टा कडक होऊन घसरू लागतो, लेन्स सरकवणाऱ्या दांड्यांवरचे वंगण चिकट होते आणि लेसर डायोडचा जोर हळूहळू ओसरतो. पट्टा आणि वंगण ही किरकोळ कामे आहेत. पिकअप, म्हणजे लेसर आणि लेन्सचा एकत्र भाग, गेला तर मात्र तोच पिकअप मिळतो का, यावर सारे अवलंबून असते. सोनीचा केएसएस-२१३ हा पिकअप पुष्कळ प्लेअरमध्ये वापरला गेला आणि त्याच्या नकला आजही मिळतात. उलट फिलिप्सच्या जुन्या सीडीएम मालिकेतले झुलत्या बाहूचे पिकअप आता तयार होत नाहीत, आणि ज्यांचे कान त्यांच्यावर जडले आहेत ते लोक बंद पडलेली यंत्रे सुट्या भागांसाठी विकत घेतात.

तालुक्याच्या बाजारातल्या ज्या दुकानी मी माझा प्लेअर नेला, तिथला मिस्त्री झाकण उघडून आत पाहताच म्हणाला, “भाऊ, पट्टा टाकून देतो, लेन्स पुसून देतो, पण पिकअप गेला असन तर तो तुम्हीच मागवा, बसवाचं काम माह्याकडं.” हा व्यवहार मला अगदी योग्य वाटला. मागवलेला नवा पिकअप बसवताना एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. स्थिर विजेने लेसर जळू नये म्हणून कारखान्यातच त्याच्या लहानशा पट्टीवर सोल्डरचा एक थेंब टाकून दोन बिंदू जोडून ठेवलेले असतात. मोहरीहूनही लहान असा तो चकचकीत ठिपका असतो. पिकअपची चपटी केबल जोडून झाल्यावर तो थेंब काढून टाकावा लागतो. तो तसाच राहिला तर लेसर पेटतच नाही, डिस्प्लेवर ‘नो डिस्क’ येते आणि चांगला पिकअप खराब म्हणून परत जातो.

बिघाड कोणत्या भागाचा आहे हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे, आणि प्लेअरला डिजिटल आउटपुट असेल तरच ती करता येते. प्लेअरची डिजिटल वायर दुसऱ्या एखाद्या डॅकला लावावी. गाणे तिथेही उडत असेल, अडकत असेल, तर दोष वाचणाऱ्या भागात आहे. तिथे स्वच्छ वाजते आणि लाल-पांढऱ्या जोडीतून मात्र खरखर येते किंवा एक बाजू जाते, तर दोष डॅकमध्ये किंवा त्याच्या पुढच्या परिपथात आहे. या दुसऱ्या अवस्थेतला प्लेअर कमी किमतीत मिळत असेल तर तो मी बिनदिक्कत घेईन, कारण तो ट्रान्सपोर्ट म्हणून पुढेही चालतो. ज्याचा वाचणारा भागच गेला आहे आणि पिकअप दुर्मीळ आहे, असा प्लेअर, त्यात टीडीए-१५४१ए सारखी नावाजलेली डॅकची चिप असली तरीही, मी घेणार नाही. त्याला डिजिटल इनपुट असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो निव्वळ डॅक म्हणून उरतो, पण ऐंशीच्या दशकातल्या थोड्याच प्लेअरना अशी सोय होती.

आवाजातल्या फरकाबद्दल बरेच बोलले जाते. माझ्या ऐकण्यात डॅक बदलल्यावर पडणारा फरक ट्रान्सपोर्ट बदलल्यावर पडणाऱ्या फरकापेक्षा पुष्कळ अधिक असतो. तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या एका ध्वनिमुद्रणात खंजिरीवरची थाप आणि तिच्या झांजांची किणकिण या दोन गोष्टी मी नेहमी ऐकून पाहतो. जुन्या प्लेअरच्या स्वतःच्या आवाजात थाप भरदार येते पण किणकिण जराशी मागे राहते. त्याच प्लेअरची डिजिटल वायर नव्या डॅकला लावली की झांजा सुट्या-सुट्या मोजता येतात. प्लेअरच्या जागी ट्रान्सपोर्ट लावून तोच डॅक ठेवला तर मला डोळे मिटून फरक सांगता येत नाही. यात नवल नाही, कारण चकती नीट वाचली गेली तर दोघांकडून निघणारे आकडे एकच असतात; उरतो तो त्यांच्या वेळेतला सूक्ष्म चढउतार, आणि आजचे बहुतेक चांगले डॅक तो स्वतःच सावरून घेतात. म्हणून महागड्या ट्रान्सपोर्टसाठी पैसे मोजायचे तर ते मेकॅनिझमच्या दणकटपणासाठी मोजावेत, आवाजासाठी नव्हे. टीॲकच्या व्हीआरडीएससारखी चकती वरून पूर्ण दाबून धरणारी रचना पाहिली की तो दणकटपणा म्हणजे काय ते हाताला कळते.

एक अपवाद नोंदवला पाहिजे. १९८० च्या दशकातल्या काही सीडी, विशेषतः जपानी, वरच्या स्वरपट्ट्या मुद्दाम उचलून मुद्रित केलेल्या आहेत आणि वाजवताना त्या पुन्हा खाली आणायच्या असतात. त्या काळचा प्लेअर हे आपोआप करतो. ट्रान्सपोर्ट फक्त तशी खूण पुढे पाठवतो. नव्या डॅकने ती ओळखली नाही तर तीच सीडी टोचरी आणि पातळ वाजते, आणि दोष विनाकारण ट्रान्सपोर्टच्या माथी येतो.

आता आपल्याकडची हवा. नवतपात अकोला, वर्धा, चंद्रपूर भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि लेसर डायोड जसजसा तापतो तसतसा त्याला तेवढाच प्रकाश देण्यासाठी अधिक प्रवाह लागतो. आधीच थकलेला लेसर दुपारी वाचत नाही आणि रात्री वाचतो, ही तक्रार उन्हाळ्यात म्हणूनच ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून यंत्र कूलरच्या झोतात ठेवणे हा त्याहून वाईट प्रकार आहे, कारण कूलरची ओली हवा कापसाचा तंतू आणि अंगणातली धूळ लेन्सवर चिकटवून टाकते, आणि ती नुसत्या फुंकरीने जात नाही. कापसाच्या बोळ्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसावी लागते. या बाबतीत प्लेअर आणि ट्रान्सपोर्ट सारखेच नाजूक आहेत. विजेच्या बाबतीतही तसेच: जपानातून आलेले यंत्र बहुधा १०० व्होल्टचे असते, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि रात्री शेतातले पंप सुरू झाल्यावर जिथे दाब खालीवर होतो तिथे त्याच्याही आधी स्टॅबिलायझर हवा. दोन पेट्या घेतल्या की ही सारी जुळवाजुळव दुप्पट होते, हे ट्रान्सपोर्ट घेणाऱ्याने हिशेबात धरावे.

गावातल्या संग्रहाचाही विचार करावा लागतो. आपल्याकडच्या कपाटांत कंपनीच्या छापील सीडींपेक्षा संगणकावर भरून घेतलेल्या सीडीच अधिक सापडतात. छापील सीडी लेसरचा किमान ७० टक्के प्रकाश परत फेकते, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी जेमतेम १५ ते २५ टक्के. जुना हाय-एंड प्लेअर पहिल्या प्रकारच्या सीडीसाठीच बनलेला असतो. एकदाच भरलेली सीडी तो बहुधा वाचतो, पुन्हा लिहिता येणारी पुष्कळदा नाकारतो. एमपी३ भरलेल्या सीडीवरून तर त्याला संगीत देताच येत नाही. ही यंत्राची खराबी नव्हे. अलीकडचे काही ट्रान्सपोर्ट या बाबतीत अधिक उदार असतात, आणि ज्याच्याकडे मुख्यतः भरलेल्याच सीडी आहेत त्याने, डॅक घरात असेल तर, जुन्या नावाजलेल्या प्लेअरऐवजी तसाच ट्रान्सपोर्ट पाहावा.

ज्याच्याकडे डॅक नाही आणि पैसे एकाच वस्तूपुरते आहेत, त्याने डिजिटल आउटपुट असलेला, सहज मिळणाऱ्या पिकअपचा प्लेअर घ्यावा. घेण्यापूर्वी विकणाऱ्याला भरपूर लांबीची सीडी लावून पहिल्या गाण्यावरून थेट शेवटच्या गाण्यावर उडी मारायला सांगावे, आणि ते दूरध्वनीवर ऐकावे. दोन्ही कडा त्यात तपासल्या जातात. पार्सल करण्यापूर्वी ट्रेमध्ये सीडी राहिलेली नाही हे पाहायला सांगावे. कित्येक उंची यंत्रांच्या तळाला प्रवासात मेकॅनिझम घट्ट धरून ठेवणारे एक-दोन स्क्रू असतात, बहुधा लाल रंगाचे. ते पाठवणाऱ्याने आवळायचे असतात आणि यंत्र घरी आल्यावर, वीज जोडण्यापूर्वी, आपण सैल करायचे किंवा काढायचे असतात.