एचआरव्ही की ईआरव्ही? कोकणातला खरा भार हवेतल्या पाण्याचा

एचआरव्ही आणि ईआरव्ही ही बंद खोलीत ताजी हवा आणणारी दोन यंत्रं, बाहेरून सारखीच. पत्र्याचा चौकोनी डबा, त्याला चार तोंडं, आत दोन पंखे. खोलीतली शिळी हवा बाहेर जाते, बाहेरची ताजी आत येते आणि मधल्या गाभ्यात दोन्ही हवा एकमेकींत न मिसळता शेजारून जातात. एसीने गार केलेली हवा जाता जाता आपला गारवा येणाऱ्या हवेला देते. विकणारेही दोन्हींना सरसकट ‘हीट रिकव्हरी’ म्हणतात. आमच्या गुहागरच्या घरी पाहुण्यांच्या खोल्यांना याच गोंधळात एचआरव्ही बसला, आणि जुलैत गाद्यांचा कुबट वास काही गेला नाही.

फरक आहे तो गाभ्यात. एचआरव्हीचा, म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेटरचा गाभा अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांचा असतो, स्टीलच्या कळशीसारखा. गार पाणी भरलं की कळशी बाहेरून गार लागते, पण आतला थेंबही झिरपत नाही. ईआरव्ही, म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर, हा माठ. त्यातला खास कागद किंवा पडदा उष्णतेबरोबर बाष्पही पलीकडे जाऊ देतो. त्यामुळे बाहेरच्या दमट हवेतलं बरंचसं बाष्प खोलीत न शिरता, बाहेर पडणाऱ्या कोरड्या हवेबरोबर परत फिरतं.

याने एवढं काय बिघडतं? थंड सोलकढीचा पेला पाच मिनिटं ओटीवर ठेवून बघा, बाहेरून पाणी ओघळायला लागतं. हे पाणी हवेतलं. पावसाळ्यात बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, खोलीत २५ अंश आणि ५५ टक्के असं धरू. बाहेरच्या एक किलो हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प असतं, आतल्या हवेत ११. ही हवा आतल्यासारखी करायला साधारण ३६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्यातले तापमान उतरवायचे जेमतेम ५, बाकी सगळे बाष्पाचं पाणी करायचे. एचआरव्हीने त्या ५ मधला तीन-चतुर्थांश भाग वाचवला तरी हाती येतात चारही नाहीत. ईआरव्हीने दोन्हींतले ६० टक्के वाचवले तर एकवीस-बावीस.

पाण्याच्या मापाने सांगतो. चार-पाच माणसांसाठी तासाला १०० घनमीटर ताजी हवा घेतली, तर एसीला तासाला सुमारे १.४ लिटर पाणी पिळून काढावं लागतं. ईआरव्ही असेल तर अर्ध्या लिटरच्या थोडं वर.

एचआरव्हीचं नाव झालं ते थंड देशांत. बाहेर उणे ५ आणि आत २० अंश असताना वाचवायची ती उष्णताच. तिथे तो चोख काम करतो.

मात्र ईआरव्ही घेतला म्हणजे खोली कोरडी झाली, असं समजू नका. तो पाणी काढत नाही, येणारं अडवतो, तेही आत कोरडी हवा असेल तरच. एसी बंद असेल तर आत-बाहेर सारखाच दमटपणा, मग तो नुसता पंखा. झडीच्या दिवसांत रिकाम्या खोलीसाठी तो बंद ठेवून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, लावावा. खोली थोडी तापेल, पण कपाटातल्या साड्यांना बुरशी धरणार नाही.

न्हाणीघराची हवा ईआरव्हीत सोडू नका, तिथली वाफ पडद्यातून पुन्हा आत येते. तिला साधा एक्झॉस्ट बरा. मासे तळल्याचा तेलकट धूर तर पडदाच खराब करतो. किनाऱ्यालगत खारं वारं अ‍ॅल्युमिनियमला खातं, म्हणून डब्याला आतून-बाहेरून चांगला लेप आहे ना, ते बघा. आणि जांभ्याच्या कौलारू घरात यातलं काहीच नको. तिथे कौलांच्या फटींतून हवा खेळतेच.

खरेदीच्या वेळी माहितीपत्रकात दोन आकडे मागा, एक उष्णतेचा आणि एक बाष्पाचा. बाष्पाचा रकाना कोरा असेल तर समोरचा डबा एचआरव्ही आहे, वर नाव काहीही छापलेलं असो.