अ‍ॅबटमेंटची घडण व हिरडी भरून येणे

जबड्याच्या हाडातील इम्प्लांट (कृत्रिम मूळ) आणि वरचा क्राउन (कृत्रिम दात) यांना जोडणाऱ्या भागांचा (हिरडी भरून येईपर्यंतची तात्पुरती हीलिंग कॅप, नंतर क्राउन पेलणारे अ‍ॅबटमेंट) आकार, पदार्थ, पृष्ठभाग व सांधा यांचा भोवतालच्या हिरडीवर होणारा परिणाम. हाड टायटॅनियमला घट्ट धरते हे स्वीडिश संशोधक ब्रोनेमार्क यांच्या कामातून (पहिला रुग्ण, गॉथेनबर्ग, 1965) दिसल्यावर बराच काळ संशोधकांचे लक्ष हाडावरच होते. हिरडीचा बारकाईने अभ्यास साधारणतः 1990 च्या सुमारास सुरू झाला.

नैसर्गिक दातात कोलॅजनचे तंतू मुळावरील सिमेंटममध्ये (मुळाच्या कठीण आवरणात) आडवे रुतलेले असतात. टायटॅनियमवर सिमेंटम नसते, त्यामुळे तंतू त्याला समांतर उभे जातात किंवा वळसा घालतात. बर्गलुंड व सहकाऱ्यांनी 1991 मध्ये कुत्र्यांमध्ये मोजले तेव्हा इम्प्लांटभोवतीच्या हिरडीच्या कड्यात सुमारे 2 मिमी अभिस्तर (पेशींचे आवरण) व त्याखाली 1 ते 1.5 मिमी संयोजी ऊतक (आधार देणारे तंतुमय ऊतक) आढळले. हे ऊतक व्रणाच्या खुणेसारखे असते : तंतू दाट, पेशी व रक्तवाहिन्या विरळ. हे कडे पक्व व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर हीलिंग कॅप फिरवून काढली, की आतल्या ओलसर गुलाबी भिंतीवर रक्ताची बारीक रेघ उमटते. नुकताच जुळलेला अभिस्तर तिथे फाटलेला असतो.

अब्राहमसन व सहकाऱ्यांच्या 1997 मधील प्रयोगात अ‍ॅबटमेंट वारंवार काढून बसवल्यावर संयोजी ऊतकाची जोडणी खाली सरकली व हाडाची कडाही झिजली. म्हणूनच अंतिम अ‍ॅबटमेंट एकदाच बसवून पुन्हा न हलवण्याची पद्धत पुढे आली. नव्या आकारांची चर्चा जास्त होते, पण हा साधा नियम पाळण्याचे महत्त्व त्याहून कमी नाही.

सर्वाधिक वाद ‘प्लॅटफॉर्म स्विचिंग’विषयी आहे. यात इम्प्लांटच्या माथ्यापेक्षा अ‍ॅबटमेंट अरुंद ठेवतात. याचा उगम योगायोगाचा मानला जातो. 1991 च्या सुमारास रुंद इम्प्लांट वापरात आले, पण त्यांना जुळणारे भाग नसल्याने 4.1 मिमीचेच जोडले गेले. पुढे क्ष-किरण चित्रांत हाड अपेक्षेपेक्षा कमी झिजलेले दिसले. लझारा व पोर्टर यांनी 2006 मध्ये याची मांडणी केली. त्यांच्या मते सांध्याच्या फटीभोवती जमणारा दाहपेशींचा थर आत सरकतो व हाडापासून लांब राहतो. दुसरे मत यांत्रिक आहे : चावण्याचा ताण कडेऐवजी मध्याकडे जातो. तिसऱ्या मतानुसार, मोकळ्या झालेल्या आडव्या पायरीवर संयोजी ऊतकाला जागा मिळते. पहिले व तिसरे मत एकमेकांना पूरक वाटतात. ताणाचे मत मुख्यतः संगणकीय प्रतिकृतींवर उभे आहे. मात्र हिरडी मुळातच पातळ असेल तर हा लाभ टिकत नाही, असे लिंकेविचियस व सहकाऱ्यांच्या 2010 मधील छोट्या अभ्यासातून सूचित होते. शरीर आपल्याला लागणारी जाडी हाड झिजवून मिळवते, असा त्याचा अर्थ लावता येतो. आखूड अ‍ॅबटमेंटभोवती हाड जास्त झिजते, हे निरीक्षणही त्याच दिशेचे आहे.

पदार्थांत टायटॅनियम व झिर्कोनिया (एक सिरॅमिक) हिरडीला मानवतात. सोन्याच्या मिश्रधातूबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. पृष्ठभागाचा खडबडीतपणा 0.2 मायक्रोमीटरच्या खाली नेल्याने जंतूंचा थर आणखी घटत नाही. लेसरने कोरलेल्या सूक्ष्म खाचांत तंतू आडवे शिरल्याचे काही ऊतकचित्रांत (सूक्ष्मदर्शकाखालील छेदांत) दिसते. पण खाचेत अडकणे म्हणजे सिमेंटममध्ये रुतणे नव्हे. माणसांतील असे नमुने थोडे आहेत, कारण ते घेण्यासाठी जुळलेली हिरडीच कापावी लागते.

हिरडीतून वर येताना क्राउन किती पसरतो, हेही महत्त्वाचे. माथा हाडाच्या पातळीवर असलेल्या इम्प्लांटमध्ये हा पसरण्याचा कोन 30 अंशांहून मोठा व बाजू बाहेर फुगीर असेल, तर भोवतालचा दाह व हाडाची झीज अधिक आढळते, असे 2018 मधील एका क्ष-किरण अभ्यासात दिसले. अशा फुगवट्याखाली ब्रशचे केस पोहोचत नाहीत, आणि क्राउन सिमेंटने बसवला असल्यास उरलेले सिमेंटही तिथेच अडकते.