चेर्नोबिलच्या मुलांचा उन्हाळी पाहुणचार

चेर्नोबिल अणुदुर्घटनेची झळ पोचलेल्या भागांतील मुलांना काही आठवडे परदेशातील शिबिरात किंवा कुटुंबात ठेवून घेण्याची प्रथा. १९९०च्या सुमारास ती सुरू झाली. इटली, स्पेन, जर्मनी आणि आयर्लंडमधील सामान्य घरांनी ती मुख्यतः चालवली.

२६ एप्रिल १९८६ रोजी युक्रेनमधील चेर्नोबिल केंद्राची चौथी अणुभट्टी फुटली आणि किरणोत्सारी धूळ मोठ्या प्रमाणात शेजारच्या बेलारूसमध्ये, विशेषतः गोमेल व मोगिल्योव्ह प्रांतांत पडली. या धुळीतले किरणोत्सारी आयोडीन-१३१ काही आठवड्यांत ओसरले, पण तोवर दुधातून ते मुलांच्या पोटात गेले होते. पुढे हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. धुळीतल्याच किरणोत्सारी सीझियम-१३७चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षांचे. ते मातीत राहिले आणि तिथून जंगलातल्या अळिंबीत, बेरींत, घरच्या गाईच्या दुधात उतरत राहिले. महिनाभर स्वच्छ अन्न मिळाले की मुलाच्या शरीरातले सीझियम कमी होते, हा पाहुणचारामागचा मूळ विचार. परतल्यावर तेच अन्न खाल्ले की ते पुन्हा वाढते, म्हणून हा लाभ टिकाऊ म्हणता येत नाही.

क्यूबाने हवानाजवळच्या तारारा किनाऱ्यावर १९९० ते २०११ या काळात वीस हजारांहून अधिक मुलांवर उपचार केले. ते शिबिर होते. पश्चिम युरोपात मूल थेट घरात राहायला येई.

या मुलांत 'इंटरनात' म्हणजे सरकारी वसतिगृहांतली मुलेही असत. त्यांपैकी अनेकांचे आईवडील हयात, पण व्यसनापायी किंवा हेळसांडीमुळे त्यांचे पालकत्व काढून घेतलेले. अशा मुलाला यजमानांच्या घरी पहिल्यांदा स्वतःची खाट मिळे, भूक लागली की उघडता येणारा फ्रीज मिळे. मामाच्या गावी जावे तसे ते दर उन्हाळ्यात त्याच घरी येई, आणि दर वेळी निरोप जड होत जाई. २००६मध्ये एका इटालियन दांपत्याने बेलारूसहून आलेल्या दहा वर्षांच्या मुलीला परत पाठवण्याऐवजी लपवून ठेवले. तिथल्या वसतिगृहात तिचे हाल होतात, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी तिला परत जावे लागले. २००८मध्ये कॅलिफोर्नियात गेलेल्या एका बेलारूसी मुलीने परतायला नकार दिला, तेव्हा बेलारूसने दौरे थांबवून यजमान देशांकडे मुले परत पाठवण्याची लेखी हमी मागितली. माया लावून महिन्याभराने निरोप देणे हा या प्रथेतला खरा दोष आहे, आणि यजमानांच्या चांगुलपणाने तो भरून निघत नाही.

कोविडची साथ आणि २०२२चे युक्रेन युद्ध यांमुळे बहुतेक दौरे थांबले.

अधिक टिकाऊ काम बेलारूसमध्येच झाले. तिथे 'कुटुंबरूप बालगृह' ही कायदेशीर सोय आहे: एक दांपत्य पाच ते दहा मुले सांभाळते आणि त्याबद्दल सरकारकडून वेतन घेते. अ‍ॅडी रोश यांनी १९९१मध्ये स्थापन केलेल्या आयरिश संस्थेने अशा प्रतिपालक कुटुंबांसाठी घरे विकत घेऊन दिली. तिथे भावंडांची ताटातूट टळते, मुले जवळच्या शाळेत जातात, आणि सुट्टी संपली म्हणून कोणाला बॅग भरावी लागत नाही.