वेबकॅम ड्रायव्हरमधील स्थिरचित्र सोय

चालू व्हिडिओपेक्षा वेगळा, बहुधा जास्त रेझोल्यूशनचा एकच फोटो वेबकॅमकडून मागवून घेण्याची ड्रायव्हरमधील (संगणकाला उपकरणाशी जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) व्यवस्था. यूएसबी व्हिडिओ क्लास (यूव्हीसी) या मानकात तिच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत सॉफ्टवेअर चालू व्हिडिओतलीच एक फ्रेम उचलते. दुसरीत कॅमेरा व्हिडिओ क्षणभर थांबवून त्याच वाटेने मोठा फोटो पाठवतो. तिसरीत फोटोला स्वतंत्र बल्क पाइप (मोठा डेटा पाठवण्याची वेगळी वाट) असतो आणि व्हिडिओ अखंड चालू राहतो.

ही गरज यूएसबी २.० च्या मर्यादेतून येते. १६००×१२०० आकाराचे कच्चे, म्हणजे न दाबलेले (वाय-यू-वाय-व्ही, YUYV) चित्र ३८.४ लाख बाइटचे होते. आयसोक्रोनस वाटेने (व्हिडिओसाठी ठरावीक वेळेला डेटा नेणाऱ्या वाटेने) सेकंदाला जास्तीत जास्त २.४५ कोटी बाइट जातात, म्हणजे अशा जेमतेम सहा फ्रेम. म्हणून व्हिडिओ लहान ठेवायचा आणि फोटो तेवढा मोठा घ्यायचा.

मराठवाड्यात गावोगावच्या आपले सरकार सेवा केंद्रांत किंवा परीक्षेचे अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत पहिली पद्धत पुरते. फोटो शेवटी काही केबींतच बसवायचा असतो. यूएसबी सूक्ष्मदर्शकाचे तसे नाही. परभणी-जालन्याकडे कपाशीच्या पानामागे रस शोषणारा फुलकिडा सुमारे एक मिलिमीटरचा. तो ओळखायचा तर बारीक तपशील टिकलाच पाहिजे. अशा बऱ्याच सूक्ष्मदर्शकांवर फोटोचे बटण असते. ते दाबल्याची खबर लिनक्सचा यूव्हीसी ड्रायव्हर 'कॅमेरा' कळ दाबल्यासारखी पुढे कळवतो, पण तेवढ्याने मोठा फोटो मिळत नाही. ॲप ऐकत असेल तर चालू फ्रेमच जतन होते.

हा ड्रायव्हर २००८ मध्ये लिनक्स कर्नल २.६.२६ मध्ये आला. दुसरी पद्धत त्यात बसवायची तर आकार व फॉरमॅट आधी 'प्रोब' (विचारून पाहणे) आणि 'कमिट' (पक्के करणे) नियंत्रणांनी ठरवावे लागतात, मग ट्रिगर, म्हणजे फोटो काढण्याचा इशारा, द्यायचा. आलेल्या पॅकेटच्या हेडरमधला स्थिरचित्राचा बिट पाहून डेटा वेगळा काढायचा. खरी अडचण पुढेच आहे: व्हिडिओच्या रांगेतले बफर (फ्रेम ठेवण्याच्या मेमरीतल्या जागा) एकाच, लहान आकाराचे असतात, त्यांत मोठा फोटो मावत नाही. फोटोसाठी वेगळी रांग किंवा वेगळा व्हिडिओ नोड (ॲपला दिसणारे वेगळे उपकरण) देणे हाच त्यातला सरळ मार्ग.

काम हाती घेण्याआधी कॅमेऱ्याच्या डिस्क्रिप्टरमधला (कॅमेरा स्वतःची माहिती देतो त्या नोंदीतला) पद्धतीचा आकडा (० ते ३; ० म्हणजे सोय नाही) आणि फोटोचे आकार, दोन्ही तपासावेत. काही कॅमेरे '२' सांगतात, पण फोटोचे आकार व्हिडिओइतकेच देतात. त्यांच्यासाठी ही सोय बसवण्यात अर्थ नाही.